पुसलेल्या तोंडांचं गाव

देवास, ६ जुलै २०२५

दादासाहेब,

नावाआधी काय लिहावं ते ठरेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. तीर्थरूप लिहिलं असतं तर तात्यासाहेब म्हणाले असते, आता हे गुरुजींना विचारून लिहा. आणि ते दुसरं, एक अक्षर आणि एक टिंब, ते माझ्या हातून होणार नाही.

मी राजवीर. तुम्ही गेलात तेव्हा मी शाळेत होतो. गेलात म्हणजे जपानला गेलात. हल्ली हा शब्द सांभाळून लिहावा लागतो. अकरावीनंतर माझी शाळा सुटली. आता देवासला एका कारखान्यात मशीनवर असतो, टेकरीच्या पायथ्याशी खोली घेतली आहे. शाळेत सगळं हिंदी होतं. मराठी लिहितो ते तुम्ही शिकवलेलं. ळ चुकला की एक टपली आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की दोन. अजूनही ‘की’ लिहिताना माझी मान आपोआप आत जाते. या पत्रात चुका सापडल्या तर लाल शाईने गोल करून परत पाठवा.

आमच्या कारखान्यात जपानहून जुन्या मशिनी आल्या आहेत. बटणांवर त्यांचीच अक्षरं. माझा जोडीदार चिंटू याने थांबवायचं सोडून चालवायचं बटण दाबलं आणि अंगठ्याला टाके पडले. तेव्हापासून शनिवारी सुटीनंतर आम्हाला ती लिपी शिकवतात. शिकवायला देवश्री मॅडम येतात, इथल्याच उमाशंकर काकांची मुलगी, पुण्याला जपानी शिकून आली आहे. पहिल्याच दिवशी चिंटू म्हणाला, “मैडम, ये अक्षर हे के मुंडा? दो आंख, एक मुंह. म्हारे पे हंसी रियो हे.”

“हंस नहीं रहा, ‘शि’ है,” त्या म्हणाल्या. “और तेरे अंगूठे पे तो मशीन भी हंसी होगी.”

ते अक्षर असं असतं: シ. दोन छोट्या रेघा आणि खालून वर गेलेली एक वाकडी. रेघ वरून खाली आणली तर ते दुसरंच अक्षर होतं. मी घरी पानभर काढलं.

मग मॅडमनी सांगितलं की जपान्यांच्या तीन लिप्या आहेत आणि ही, कताकाना, मुख्यतः बाहेरून आलेल्या गोष्टींसाठी आहे. मोटर, पंप, ब्रेड. “आणि बाहेरून आलेल्या माणसांची नावंसुद्धा,” माझ्याकडे बघून त्या मराठीत म्हणाल्या. माझी पेन्सिल तिथेच थांबली. म्हणजे तिथे तुमचं नाव याच अक्षरांत लिहिलं गेलं असणार.

आता घरचं लिहितो. तुमचा फोन बंद झाला त्याला येत्या गणपतीला बारा वर्षं होतील. गुरुजी म्हणतात, बारा वर्षं ज्याची खबर नाही त्याचं कर्म करून टाकावं. पळसाच्या देठांचा पुतळा बांधायचा, डोक्याच्या जागी नारळ, आणि तोच माणूस समजून अग्नी द्यायचा. तात्यासाहेबांनी सर्वपित्री अमावास्या धरली आहे. खलघाटला, नर्मदेवर. अग्नी मी द्यायचा, कारण धाकटा भाऊ मी.

शेवटच्या फोनवर तात्यासाहेब तुम्हाला जे बोलले ते मी दाराआडून ऐकलं होतं. “हॉटेलात लोकांची उष्टी भांडी घासायला गेलात? आम्हाला तुम्ही मेलात.” आता तेच म्हणतात की तुम्ही त्यांच्या स्वप्नात येता. अंगणात पाठमोरे उभे असता. हाक मारली की वळता, आणि तोंडाच्या जागी काहीच नसतं, नुसती कातडी.

“तो सुटलेला नाही,” ते आईसाहेबांना सांगतात. “मोकळा करा त्याला.”

“तुमच्या स्वप्नावर मी माझा मुलगा जाळू?” आईसाहेब म्हणतात. “माझ्या डोळ्यांनी पाहीन तेव्हा मानीन.”

त्या अजून जेवणाआधी तुमच्या नावाची एक पोळी काढून झाकून ठेवतात. सकाळी ती गाईला जाते. त्यांचा होकार असल्याशिवाय गुरुजी पुतळ्याला हात लावणार नाहीत. म्हणजे सध्या तुम्ही त्या एका पोळीवर जिवंत आहात. सर्वपित्रीच्या आत मला त्यांच्या डोळ्यांना तुम्हाला दाखवायचं आहे.

पत्ता नाही, म्हणून हे पत्र तूर्त गादीखाली ठेवतो.

राजवीर


देवास, २७ जुलै २०२५

दादासाहेब,

तुम्ही सापडलात. निदान मला तसं वाटतं आहे. क्रमाने लिहितो, नाहीतर घाईत चुका होतील.

तुम्ही आईसाहेबांना जी शाल पाठवली होती तिच्या खोक्यावर गावाचं नाव इंग्रजीत होतं. त्या वेळच्या पत्त्यावर मागे चौकशी झाली होती, तिथे तुम्ही नव्हता. पण तेव्हा गावात कुणी पाहिलं नव्हतं. आता फोनमध्ये नकाशा असतो आणि नकाशात रस्ते असतात. कॅमेरा लावलेली गाडी जगभर फिरून फोटो काढून गेली आहे. बोटाने पुढे सरकलं की आपण त्या रस्त्याने चालतो. मी रोज जेवणाच्या सुटीत तुमच्या गावात चालतो.

तिथे नेहमी दुपार असते. ऊन हलत नाही. रस्त्यावर फारसं कुणी नाही, आणि जे आहेत ते पाऊल उचलून थांबलेले. पाट्यांवरची बहुतेक अक्षरं मला येत नाहीत, ती त्यांची स्वतःची आहेत. मध्येच कताकाना दिसते आणि तेवढंच मला ऐकू येतं. पान म्हणजे ब्रेड. कुरीनिंगु म्हणजे धोबी. होतेरु. साऱ्या मुक्या गावात फक्त परके शब्द माझ्याशी बोलतात. मी ते तोंडाने म्हणतो. चिंटू मला म्हणाला, “भिया, डब्बा ठंडो हुई ग्यो, ने तू मोबाइल से बात करी रियो हे.”

परवा एका वळणावर पिवळी पाटी दिसली: インドカレー. मी अक्षर अक्षर जुळवलं. इन्-दो-का-रे आणि पुढे आडवी रेघ, म्हणजे शेवटचा स्वर लांबवायचा. इंडो करी. दादासाहेब, आपल्याकडच्या जेवणाचं हॉटेल! त्या गावात असं दुसरं नाही, मी सगळ्या गल्ल्या पाहिल्या.

हॉटेलाच्या मागे बोळ आहे. बोळात मागच्या दाराशी एक माणूस उभा आहे. अंगात एप्रन, पायात रबरी चपला. डावा हात मानेमागे धरलेला आहे. तुम्ही तसे उभे राहायचात. तात्यासाहेबही तसेच राहतात. मी एक पाऊल पुढे सरकलो तर त्याची मान गाडीकडे वळलेली. आणखी एक पाऊल, आणि तो बाजूच्या इमारतीच्या लोखंडी जिन्यावर. त्याच्या पुढे तो नाही.

इमारतीचं नावही मला वाचता आलं. हाइत्सु मिदोरी. मॅडम म्हणाल्या, हाइत्सु म्हणजे भाड्याच्या खोल्यांची इमारत, आणि मिदोरी म्हणजे हिरवा रंग.

फोटोच्या कोपऱ्यात तारीख आहे, मे २०१९. तुमचा फोन बंद झाल्यानंतरची. म्हणजे बारा वर्षं भरलेलीच नाहीत! गुरुजींच्याच हिशेबाने भरलेली नाहीत.

एक गोष्ट लिहायची राहिली. तोंड दिसत नाही. कंपनी सगळ्यांचीच तोंडं पुसते, कुणाची ओळख पटू नये म्हणून. त्याला इलाज नाही. पण हात मानेमागे आहे. आईसाहेब हात ओळखतील.

राजवीर


धार, १७ ऑगस्ट २०२५

दादासाहेब,

माझ्या हातून जे झालं ते तसंच लिहितो.

जन्माष्टमीची सुटी जोडून घरी आलो. दुपारी तात्यासाहेब आरामखुर्चीत होते, आईसाहेब गोपाळकाल्याचं पातेलं पुसत होत्या. मी म्हटलं, दादासाहेब दाखवतो. त्यांनी हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि फोन दोन्ही हातांत प्रसाद घेतात तसा घेतला.

मी आधी हॉटेलाची पाटी दाखवली, वाचून दाखवली. मग बोळ. मग तुम्ही पाठमोरे.

“हाच,” त्या म्हणाल्या. लगेच. “हाच आहे. बघा हो, तुमच्यासारखा उभा आहे.”

तात्यासाहेब उठून मागे येऊन उभे राहिले. त्यांचाही हात मानेमागे होता, त्यांना ते ठाऊक नव्हतं.

“आता वळेल,” मी म्हटलं, आणि एक पाऊल पुढे सरकलो.

मी इतक्या वेळा पाहिलं होतं की मला ते दिसायचंच बंद झालं होतं. तोंडाच्या जागी धूसर डाग. केस आहेत, कान आहेत, आणि मध्ये ओल्या बोटाने पुसल्यासारखं.

 तात्यासाहेबांनी भिंतीला हात लावला.

आईसाहेब म्हणाल्या, “तोंड कुठंय?”

मी समजावून सांगितलं. मशीन पुसते, सगळ्यांची पुसते. खोटं वाटेल म्हणून मी त्यांना दुसरीकडे नेलं. सायकलवरची बाई दाखवली, तिला तोंड नाही. छत्री घेतलेला म्हातारा, त्याला नाही. शाळेतून निघालेल्या मुली, कुणालाच नाही. भिंतीवर कसल्याशा जाहिरातीत हसणारी नटी होती, तिचंही पुसलेलं. मला वाटलं, जितके जास्त दाखवीन तितकं पटेल.

आईसाहेब एकेक बघत गेल्या. मग फोन हळूच माझ्या मांडीवर ठेवला.

“सगळेच?” त्या म्हणाल्या. “एवढे सगळे? आणि ऊन असून कुणाच्या पायांचा आवाज नाही, काही नाही. राजू, अरे, हे गेलेल्यांचं गाव आहे. तू कुठं हिंडतोस बाळा?”

“आईसाहेब, फोटो आहे हा.”

“मी म्हटलं होतं ना, माझ्या डोळ्यांनी पाहीन तेव्हा मानीन.” तात्यासाहेबांकडे न बघता त्या म्हणाल्या, “गुरुजींना निरोप द्या.”

तारखेचं मी ओरडून सांगितलं. मे २०१९, मे २०१९. तात्यासाहेब म्हणाले, “तिथली तारीख इथे काय कामाची?” त्यांचा आवाज जिंकल्यासारखा नव्हता. पुढे म्हणाले, “मला वाटलं होतं ते फक्त माझ्या स्वप्नात आहे.” मग ते जे खुर्चीत बसले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत.

रात्री पोळी काढली गेली नाही. मी ताटावर बसून वाट पाहिली. आईसाहेबांनी डबा बंद केला.

राजवीर


देवास, ७ सप्टेंबर २०२५

दादासाहेब,

मॅडमना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या, “अरे, मग तू आधी मला का नाही विचारलंस? फोन लावू की हॉटेलला!” नकाशात नंबर होता. आम्ही कारखान्याच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर उभं राहून लावला. पलीकडून एक बाई फार अदबीने काहीतरी बोलली, आणि मग तेच पुन्हा बोलली. टेप होती. मॅडमनी कान लावून ऐकलं. नंबर आता वापरात नाही. नकाशात हॉटेलाच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं मग त्यांना दिसलं: कायमचं बंद.

“याचा अर्थ तो नाही असा होत नाही हां,” त्या म्हणाल्या. “हॉटेल बंद पडतात. माणसं दुसरीकडे लागतात.”

त्यांनी इमारतीचा पत्ता शोधून दिला आणि गावाचं नाव त्यांच्या चित्रलिपीत लिहून दिलं. तुमचं नाव मी लिहिलं. रणवीरमधला ण त्यांच्याकडे नाही, शेवटचा र एकटा उभा राहू शकत नाही. म्हणून ते असं होतं: ランビール. रान्बीरु. मॅडमनी तपासलं आणि म्हणाल्या, ‘न’ची रेघ खालून वर ने, नाहीतर वेगळंच वाचतील. मी पाकीट फाडून दुसरं केलं. गादीखालची सगळी पत्रं, हे धरून, त्यात घालतो आहे. चिंटू पोस्टात बरोबर येतो म्हणाला. छातीवर हात ठेवून म्हणाला, “भिया, चिट्ठी पोंची जायगी. थारा दादा जिंदा हे, म्हूं के रियो हूं.” त्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. तरी मला ते बरं वाटलं.

मी अजून तुमच्या गावात जातो. आधी मला तिथे भीती वाटत नव्हती. आता आईसाहेबांचं वाक्य बरोबर येतं. परवा जिन्यापर्यंत गेलो आणि वाटलं, या सगळ्यांना तोंडं आहेत, फक्त माझ्याकडे वळताना ते पुसून घेतात. मी फोन उपडा ठेवला.

अमावास्येला मी बसलो नाही तर काय होईल, हे तात्यासाहेबांना विचारलं. ते म्हणाले, “मग मला बसावं लागेल. बापाने मुलाचं करावं अशी तुमची इच्छा असेल तर तसं.” 

पोहोचलं तर रिकामं पाकीट परत पाठवा. लिहिलं नाही तरी चालेल.

राजवीर


धार, २४ सप्टेंबर २०२५

दादासाहेब,

झालं. मी बसलो.

पळसाचे देठ तिरला गावाच्या बाजूने आणले होते. खलघाटला धर्मशाळेच्या ओसरीत गुरुजींनी दर्भ अंथरून त्यावर देठांचे हात, पाय, छाती मांडली आणि लोकरीच्या धाग्याने बांधत गेले. बारीक काम आहे. मी मान खाली घालून बघत होतो आणि मला लाज वाटली की मी रेघा मोजतो आहे, अक्षर ओळखताना मोजतात तशा. शेवटी डोक्याच्या जागी नारळ ठेवला.

बायका घाटावर येत नाहीत. आईसाहेब आल्या होत्या, कुणी अडवलं नाही. नारळ ठेवल्यावर त्या पुढे झाल्या.

“गुरुजी, याला तोंड काढलं तर चालेल?”

“तसा विधी नाही, आईसाहेब.”

“नसू द्या. असा नाही पाठवणार मी त्याला.”

गुरुजींनी तात्यासाहेबांकडे पाहिलं. तात्यासाहेबांनी मान हलवली. आईसाहेबांनी कमरेच्या पिशवीतून काजळाची डबी काढली. आपल्याला लहानपणी लावायच्या तीच, पितळेची.  नारळ एका अंगाला कलंडला होता, म्हणून डोळे एकाखाली एक आले, दोन छोट्या रेघा. मग त्यांनी खालून वर एक वाकडी रेघ नेली, हसू म्हणून.

घाटावर एवढी माणसं होती. ते ‘शि’ वाचता येणारा मी एकटाच होतो.

गुरुजींनी नाव विचारलं. तात्यासाहेबांना सांगता येईना.  मग मीच सांगितलं, गोत्रासकट, स्पष्ट, ण नीट उच्चारून. तुम्ही शिकवलेला ण. त्यानंतर अग्नी दिला. पळस ओला होता, धूर फार झाला. नारळ फुटला तेव्हा तात्यासाहेब “रणू” म्हणाले. मी त्यांच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा ऐकलं.

नंतर चहा घेताना मी गुरुजींना विचारलं, आणि परत आला तर?

त्यांना राग आला नाही. म्हणाले, शास्त्रात सोय आहे. ज्याचं कर्म झालं तो जिवंत परतला तर त्याला तुपाने माखून न्हाऊ घालायचं, म्हणजे तो नव्याने जन्मला. मग बाळाचे सगळे संस्कार पहिल्यापासून. पाळणा, कान टोचणं, बारसं. “जुनं नाव मात्र जळालं. नवं ठेवावं लागतं.”

तीन दिवसांचं सुतक आज फिटलं. दुपारी जेवताना आईसाहेबांनी पोळ्यांचा डबा उघडला, वरची पोळी उचलली, आणि कुठे ठेवायची ते न कळून हातात धरून उभ्या राहिल्या. मग माझ्या ताटात वाढली. मला ती खावी लागली.

राजवीर


देवास, १२ ऑक्टोबर २०२५

दादासाहेब,

इतके दिवस तुमच्या गावात गेलो नव्हतो. डोक्यावर केस उगवले की जाऊ असं ठरवलं होतं. काल गेलो.

गाडी पुन्हा येऊन गेली आहे. फोटो नवे आहेत. पिवळी पाटी उतरवलेली आहे, भिंतीवर तिचा चौकोन तेवढा उरला आहे. मागच्या दाराला कुलूप. बोळात कुणी नाही. मी पुढे-मागे सरकून पाहिलं. तुम्ही नाही.

आईसाहेबांना फोनवर सांगितलं.  त्या म्हणाल्या, “सुटला मग. पोहोचला.” त्यांचा आवाज इतका हलका झाला होता की मी पुढचं सांगितलं नाही. पुढचं असं आहे की फोटोच्या कोपऱ्यात तारीख असते. जून २०२५. पळस तोडण्याच्या आधीची. आम्ही तुम्हाला जाळलं तेव्हा तुम्ही तिथून कधीच निघून गेला होता. कुठे, ते फोटोत नाही.

किंवा गेलाही नसाल. जिन्याखाली पत्रपेट्या आहेत, एकेका खोलीची एकेक. बहुतेकांवर चिकटपट्टी लावून तोंड बंद केलं आहे, म्हणजे रिकाम्या खोल्या. एका पेटीवर नावाची पांढरी पट्टी आहे. बोटांनी ओढून मोठं केलं की अक्षरं विरघळतात. पण ती चित्रलिपी नाही. चित्रलिपी दाट असते. ही सुटी सुटी, काटकुळी अक्षरं आहेत, मध्ये एक आडवी रेघ आहे. मॅडमनी बघितलं. त्या म्हणाल्या, “कताकाना आहे. बाहेरचा माणूस आहे कुणीतरी. याहून जास्त मी नाही सांगू शकत रे, कुणीही असेल. नेपाळी असेल, ब्राझीलचा असेल.” त्यांनी खोटा धीर दिला नाही.

माझं पाकीट परत आलेलं नाही, तुम्ही पाठवलेलं रिकामं नाही आणि पोस्टाने ‘पत्ता सापडला नाही’ म्हणून फिरवलेलंही नाही. दसऱ्याला घरी गेलो तेव्हा तात्यासाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं. आईसाहेबांना कळू नये म्हणून गुरांच्या गोठ्याशी नेऊन विचारलं, “तुमचं ते पत्र. आलं का परत?” मी नाही म्हटलं. “नाही ना?” ते म्हणाले, आणि मानेमागे हात धरून उभे राहिले. “पुन्हा लिहिलंत तर आमचं... असू द्या. तुम्हाला हवं ते लिहा.”

म्हणून लिहितो. घरी तुपाचा डबा आहे. काजळाची डबी आईसाहेबांनी नदीत सोडली नाही, मी पाहिलं, पिशवीत परत ठेवली. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, आपल्याला आत्या नाही, तेव्हा कानात नाव मी सांगेन. नाव ठरलेलं आहे. त्याला ण लागत नाही.

रणवीर म्हणून जो होता त्याला मी माझ्या हाताने अग्नी दिला. हे पत्र त्याला नाही. पाकिटावर मी सावकाश, रेघ खालून वर नेऊन, ランビール, रान्बीरु, असं लिहिलं आहे. त्या नावाचं सुतक आमच्या घरात अजून कुणी पाळलेलं नाही.

राजवीर